उजव्या हाताची पट्टी

खर्डा
ता. ११ एप्रिल १९७३

तीर्थस्वरूप आक्कांना मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तेराव्याच्या दिवशी तुम्ही पानावर न बसताच निघालात. पुढे एस.टी. मिळाली की नाही ते कळले नाही. बेलापूरला सुखरूप पोचला असाल. दाजींना नमस्कार सांगा. पत्र तेच वाचून दाखवणार, म्हणून दाजी, तुम्हाला इथूनच नमस्कार.

भावाचे सगळे तुम्ही केलेत. आलेल्या माणसांना पाणी विचारण्यापासून ते शेवटच्या दिवशी भांडी घासण्यापर्यंत मला हात लावू दिला नाहीत. त्या दिवसांत मला काही बोलता आले नाही, म्हणून आता लिहिते. तुमचे उपकार मोठे आहेत.

जाताना तुम्ही खुंटीवरचा यांचा पांढरा फेटा नेलात. शेजारची गोजरबाई दोनदा म्हणाली, "घरातला फेटा बहिनीनं न्यायचा अस्तो का?" मी तिला म्हटले, या घरात मूल नाही, फेटा बांधणार कोण? तुम्ही नेला ते बरे झाले. फक्त टोकाला विडीची ठिणगी पडून भोक पडले होते, तिथे माझ्या हातचा रफू आहे. धुताना जपून धुवा.

विहिरीचे काम बंद आहे. यांच्या अंगावर ढासळलेली दरड अजून तशीच आहे. तिकडे मी जात नाही.

माझा हात बरा आहे. अक्षर वाकडे आले ते दिव्याच्या उजेडामुळे.

तुमची
मनकर्णा

*

जामखेड, दवाखाना
ता. ६ मे १९७३

तीर्थस्वरूप आक्कांना सा. नमस्कार.

तुमचे उत्तर आले नाही. मला त्याचे काही वाटलेले नाही.

मागच्या पत्रात हात बरा आहे असे लिहिले, ते तितकेसे खरे नव्हते. अक्षरही दिव्यामुळे वाकडे नव्हते, डाव्या हाताने लिहिले होते. हे पत्रही डाव्याच हाताने लिहिते आहे, पण आता थोडे वळण बसले आहे.

त्याच आठवड्यात हात लाल झाला आणि खांद्यापर्यंत तापला. मग थंडी वाजून ताप भरला. गोजरबाईने कडूनिंबाचा पाला वाटून लावला. दुसऱ्या दिवशी मी काय बोलते तेच तिला कळेना, तेव्हा तिने शेजारच्यांची बैलगाडी जुंपून मला इथे आणले. वाटेत सगळा वेळ ती म्हणत होती, "दुधी भोपळा बरा, ह्यो हात बरा न्हाई." तिला घाबरल्यावर असेच बोलायची सवय आहे.

इथे लिडियाबाई म्हणून सिस्टर आहेत. ख्रिस्ती, मूळच्या नगरच्या. आवाज मोठा आहे, पण हात फार हलका. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, कशाने लागले. मी म्हटले, बाभळीचा काटा. त्यांनी चिमट्याने शोधून तो काढला आणि बशीत टाकला. बशी वाजली.

त्या म्हणाल्या, "बाई, बाभळीचा काटा बशीत वाजत नाही."

पुढे त्यांनी काही विचारले नाही. मीही सांगितले नाही. इंजेक्शने सगळी डाव्या दंडात दिली. उजव्याला सुईसुद्धा लागू द्यायची नाही, हे मुंबईच्या हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितले होते तेच त्यांनीही सांगितले. माझा हात त्यांनी पातळाच्या झोळीत घालून वरच्या गजाला टांगून ठेवला होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारायची, "हिला शिक्षा कशाची?"

आता ताप नाही. लाली मनगटाशी थोडी उरली आहे. ती गेल्याशिवाय सुजेची पट्टी बांधायची नाही, आणि पट्टी नाही म्हणून हात रोज थोडा जड होतो. पट्टी बांधणार कोण, हा प्रश्न पुढे आहेच.

दाजी, एवढे वाचून झाले की आक्कांना सांगा, मी कोणाचे नाव घेतलेले नाही आणि घेणारही नाही.

तुमची
मनकर्णा

*

खर्डा
ता. २८ जून १९७३

तीर्थस्वरूप आक्कांना सा. नमस्कार.

दाजींचे कार्ड मिळाले. मागचे पत्र अर्ध्यावर असतानाच तुम्ही उठून मागच्या दारी गेलात आणि दोन दिवस जेवला नाहीत, असे त्यांनी लिहिले आहे. "साळू म्हणते, त्या हातासमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहू," असेही लिहिले आहे.

मला वाटत होते तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. आता कळले की तसे नाही. म्हणून मोकळेपणाने लिहिते. दाजी, हा भाग सावकाश वाचा. आणि त्या उठून गेल्या तर मागच्या दारी जाऊन वाचा.

उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या त्याला आता तीन वर्षे झाली. ऑपरेशननंतर वर्षभराने हात सुजायला लागला होता आणि आपण दोघी तपासणीला मुंबईला गेलो होतो. छातीतली गाठ काढताना काखेतल्या गाठीही काढल्या, वरून यंत्राचा शेक दिला, त्यामुळे हातातले पाणी आता हातातच साठते, असे तिथल्या बाईंनी समजावले. हात जन्मभर जपायचा. या हातात घट्ट काही नको, बांगडी नको, अंगठी नको, वजन नको. तुम्ही त्यांना विचारलेत, "नवरा जिता हाय तिचा. एक तरी ठिवू का?" त्या म्हणाल्या, नवरा जिवंत आहे तर त्यालाच विचारा, बायको पाहिजे की बांगडी.

घरी आल्यावर यांनीच बांगड्या काढल्या. तेल लावून एकेक उतरवली. शेवटची निघेना, तेव्हा वर फडके गुंडाळून दाबून वाढवली, एक कण हाताला लागू दिला नाही. तुम्ही तेव्हा तोंड फिरवून उभ्या होता. गावात बायका काय बोलत, ते यांच्या कानावर मी कधी घातले नाही. तुम्हाला मात्र सगळे कळत होते.

आता त्या दिवसाचे. यांना न्यायच्या आधी मला बसवले. बायका जमल्या होत्या. डाव्या हातात चुडा होता. गोजरबाई म्हणाली, "उजवा तर मालक हुता तवाच मोकळा केला. त्यात आता काय वाढवायचं?" तिच्या मनात वाईट नव्हते, तिला बोलताना भान नसते. पण सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली.

तेव्हा तुम्ही उठलात. म्हणालात, "माझ्या भिमाची बायकू हाय ती. त्याच्या नावानं दोन्ही हात भरायचे आनि मंग काय ते करायचं. अर्धी म्हनून तिला कोन बोल्लं तर याद राखा."

हातावर साबण लावून तुम्ही हिरव्या बांगड्या चढवल्या. हात सुजलेला, त्यात यांना दरडीखालून काढेपर्यंत दोन दिवस पट्टी नव्हती. मला दुखले, पण मी बोलले नाही. तुम्हीही रडत होता, तुम्हाला दिसत नव्हते. मग वाढवताना काच आत गेली. रक्त आले तेव्हा तुम्ही पदराने धरून ठेवलेत.

एवढेच झाले. यात तुमचा दोष मला सापडत नाही. खूप विचार करून लिहिते आहे, तुम्हाला बरे वाटावे म्हणून नाही. त्या जागी सगळ्या बायकांत माझ्या बाजूने एकच माणूस उभे राहिले, ते तुम्ही. भर गर्दीत तुम्ही मला यांची पूर्ण बायको ठरवलेत. हात महिनाभर दुखला, तो बरा झाला. तुमचे ते बोलणे माझ्याजवळ राहिले आहे.

दवाखान्यातून सुटले. सध्या पट्टी गोजरबाई बांधते.

तुमची
मनकर्णा

*

खर्डा
ता. २० सप्टेंबर १९७३

तीर्थस्वरूप आक्कांना सा. नमस्कार.

यंदा पाऊस बरा आहे. शेत वाट्याने दिले आहे, बाजरी कमरेला आली. विहीर पावसानेच अर्धी भरली. गावातल्या माणसांनी दरडीचे दगड काढून काठ बांधून दिला, कोणी काही घेतले नाही. मी परवा पहिल्यांदा तिकडे गेले. काठावर थोडा वेळ बसले आणि परत आले.

गोजरबाईच्या पट्टीचे सांगायचे राहिले. ती पट्टी बांधते म्हणजे कडब्याची पेंढी बांधते. पहिल्या दिवशी बोटे निळी पडली. सांगितले तर दुसऱ्या दिवशी इतकी सैल, की मी अंगणात जाईपर्यंत पट्टी कोपरावर गोळा झाली. वर मलाच म्हणते, "तुजा हातच वाकडा हाय. पट्टी काय करील?" पण रोज सकाळी न चुकता येते. त्या दिवशीचे स्वतःचेच बोलणे तिच्या मनाला लागले आहे. तसे ती बोलून दाखवणार नाही. पट्टी बांधायला येते, त्यावरून मी समजते.

तिचे हात बघताना मला तुमची मुंबईची धर्मशाळा आठवते. हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नव्हते, म्हणून बाईंनी पट्टी तुम्हाला शिकवली. बोटांपासून सुरुवात, खाली घट्ट आणि वर जाल तसे सैल. तुम्हाला लिहिता येत नव्हते, मग तुम्ही धर्मशाळेत ओसरीच्या खांबाला पट्टी बांधून बांधून ते पाठ केलेत. एक म्हातारेबाबा दोन दिवस बघत होते. शेवटी त्यांनी विचारले, "खांबाचं कधी आपरेशन झालं?" तुम्ही न हसता म्हणालात, "उद्या टाके काढायचे हायती." मुंबईत मी तेवढीच एकदा हसले. टाक्यांची जुनी जागा ओढली गेली आणि रडू आले, तेही तुम्हाला आठवत असेल.

मग इथे येऊन तुम्ही यांना शिकवलेत. दारात बसवून, माझा हात यांच्या मांडीवर ठेवून. "भिमा, बैलाला येसन घालतोस का काय? हळू." हे म्हणाले, "बैल वरडत तरी न्हाई. तूच वरडतीस." नंतर रोज सकाळी बैलांना वैरण टाकून आले, की हात धुऊन हे पट्टीला बसत. एक दिवस चुकवला नाही. नांगराचे काम असलेल्या हातांना इतके हलके होता येते, हे मला तेव्हा समजले. आमच्या दोघांत बोलणे फार नसायचे. पट्टी चालू असताना मात्र थोडे होई. बाजारात काय आणायचे, कोणती शेळी गाभण आहे, असले. संसारातले माझे चांगले दिवस कोणते विचारले तर मी आजारपणानंतरचे सांगेन. लोकांना हे खरे वाटणार नाही.

तेव्हा ते शिक्षण तुमचे होते. यांच्या हातून रोज तुम्हीच माझा हात बांधत होता, असे मी धरते.

लिडियाबाईंकडे महिन्याने जाते. त्या आता मला एकटीने बांधायला शिकवत आहेत. पट्टीचे टोक तळहातात धरायचे, गुंडाळी डाव्या हाताने गुडघ्यावर फिरवायची. मनगट जमते, कोपरही जमते. शेवटी दंडावर येऊन गाठ मारायची ती एका हाताने बसत नाही. दातात टोक धरले तर खांदा वर येतो आणि सगळे सैल पडते. त्या म्हणाल्या, "सगळा डोंगर चढून तुम्ही देवळाच्या पायरीवर घसरता."

बाजारच्या पट्ट्याही आता ताणून ताणून पोत्यासारख्या झाल्या. नव्या नगरला मिळतात, पण त्या हाताला चावतात. जुन्या सुती कापडाची पट्टी चांगली, असे लिडियाबाईंचे मत आहे. माझ्या जुन्या पातळाची करून पाहिली. ते फार विरले होते, टिकले नाही.

शिवणाचे मशीन पुन्हा सुरू केले आहे. कापड डाव्या हाताने सारते, उजवा नुसता वर ठेवते. लोकांची पोलकी शिवते. माझ्या पोलक्याची उजवी बाही अजून डावीच्या दीडपट कापावी लागते. दिवाळीपर्यंत दोन्ही सारख्या होतील का, ते पाहायचे.

तुम्ही याल तर बरे होईल. गाठ मारायला माणूस पाहिजे, असे समजा.

तुमची
मनकर्णा

*

खर्डा
ता. १३ जानेवारी १९७४

तीर्थस्वरूप आक्कांना सा. नमस्कार.

काल दाजी येऊन गेले. शुगर फॅक्टरीच्या कामाने जामखेडला आले होते, तिथून वाट वाकडी करून आले. चहा घेतला, विहीर पाहिली, विहिरीवर थोडा वेळ टोपी काढून उभे राहिले. घरात आल्यावर पिशवीतून गाठोडे काढून माझ्यासमोर ठेवले आणि भिंतीकडे बघत राहिले.

मी म्हटले, काय आहे?

"सोडा की. मला एवढंच सांगाय सांगितलंय, इकत आनल्यालं न्हाई. फाडलाय म्हनून सांगा."

मी गाठोडे सोडले. आत पट्ट्या होत्या. धुतलेल्या, मऊ, मुंबईच्या बाई गुंडाळायच्या तशा आतून घट्ट गुंडाळलेल्या. मी शिवणकाम करते, कापड माझ्या बोटांना लगेच कळते. तरी मला कळायला वेळ लागला, कारण मला ते खरे वाटेना. मग एका पट्टीच्या टोकाला रफू दिसला.

दाजी म्हणाले, "येवढं दिस फेटा उशाशी घेऊन निजत हुती. कुनाला हात लावू दिला न्हाई. दिवाळीच्या टायमाला तुमचं सप्टेंबरचं पत्र पुन्ना वाचाय लावलं. पट्टीचं आलं, तितं थांब म्हनली. पुन्ना वाच म्हनली. मंग सकाळी उठून बघतो तर वसरीवर बसून टराटरा फाडतीय. मी म्हनलं, आगं, भावाची खून हाय ती एकच. तर मलाच म्हनती, भाऊ काय खुटीवर टांगाय दिल्ता का मला?"

गोजरबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती काही न बोलता घरी गेली. असे तिचे प्रथमच झाले.

आज सकाळी यांच्या वेळेला, दारातच बसून मी पट्टी बांधली. पहिली बोटांना, मग मनगटाला. रफू मनगटावर येतो, काच लागली होती त्याच्या जरा वर. तिथे आता पांढरी रेघ उरली आहे. जुने सुती कापड हाताला धरून बसते, चावत नाही. कोपर गेला, दंडावर आले, आणि शेवटच्या पट्टीच्या टोकाला पाहिले तर तुम्ही नाडीचा फासा शिवून पाठवला आहे. नाडीचे टोक त्यातून ओवले, दातात धरून ओढले, बसले. खांदा वर करावा लागला नाही. गोजरबाई आली तेव्हा पट्टी बांधून झाली होती. तिने सगळीकडून बोट घालून पाहिले. मग म्हणाली, "साळूचं टाकं हायती हे. बैलाच्या झुलीला घालती तसंच." उठता उठता विचारले, "आता मी सकाळचं काय करू?" मी म्हटले, चहाला येत जा.

फासा शिवायला तुम्हाला कुठे बसून किती वेळ विचार करावा लागला असेल, ते मला दिसते. तुम्ही हे दुसऱ्या कोणाच्या हातांवर शिवून पाहिले असेल. काल जाताना दाजी पट्ट्यांकडे बघून नुसते हसले आणि दंड चोळायला लागले, ते का हे आज कळले. दाजी, तुमचेही उपकार आहेत.

उद्या संक्रांत. कासार गल्लीतून गेला. माझ्या दाराशी त्याचा आवाज बारीक झाला, मग पुढे गेल्यावर मोठा झाला. त्यालाही वाईट वाटते. मी मशीनवर होते. दोन्ही बाह्या आता जवळपास सारख्या कापते.

लिडियाबाईंना पुढच्या वेळी ही पट्टी दाखवीन. त्यांना सगळे सांगायचे मी ठरवले आहे, बशीत वाजलेल्या काट्याचेही. त्या माणसे ओळखतात, त्यांना तुम्ही आवडाल.

आक्का, सप्टेंबरात मी गाठीसाठी तुम्हाला बोलावले होते. आता गाठीची अडचण उरली नाही. पट्टी माझी मला पूर्ण बांधता येते, तुम्ही तशी सोय केलीत. म्हणून या वेळी काही कामासाठी बोलावत नाही. कारण नसताना या, आणि मुक्कामाने या. मुंबईच्या बाईंनी सांगितल्यापासून मी अळणी खाते, आणि मागच्या वेळी माझी आमटी तोंडात घालून तुम्ही यांना म्हणाला होता, "हिनं पान्याला फोडनी दिली." तुमच्यासाठी मीठ घालून वेगळी करीन.

तुमची
मनकर्णा